स्वच्छ ऑक्सिडीकरणाची संधी

महोदय,

बदामाच्या वासाचे बेन्झाल्डिहाइड बेन्झिल अल्कोहोलच्या ऑक्सिडीकरणाने बनते. मात्र त्यासाठी सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियमचे तीव्र ऑक्सिडीकारक रूप) वापरल्यास विषारी सांडपाणी मागे उरते. कार्डिफ विद्यापीठातील ग्रॅहम हचिंग्ज यांच्या गटाने २००६ मध्ये सोने-पॅलेडियमच्या नॅनोकणांच्या (अतिसूक्ष्म कणांच्या) उत्प्रेरकावर, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावर, हीच अभिक्रिया द्रावकाविना, केवळ ऑक्सिजनच्या साहाय्याने घडवून दाखवली. असा उत्प्रेरक भरलेल्या अरुंद नळीतून द्रव आणि ऑक्सिजन सतत वाहते ठेवल्यास उष्णता लगेच काढून घेता येते, ज्वालाग्राही मिश्रण एका वेळी थोडेच आत असते आणि बेन्झाल्डिहाइडचे पुढे आम्ल होण्याआधीच ते बाहेर पडते. कण एकमेकांना चिकटून उत्प्रेरक मंदावतो, ही अडचण खरी आहे. तरीही तारापूर, महाड, लोटे या औद्योगिक वसाहतींतील लहान रासायनिक कारखान्यांसाठी शासनाने अशी सामायिक प्रायोगिक संयंत्रे उभारावीत.

– एक रसायन अभियंता, चिपळूण