बोरिवलीच्या रानातल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

वनमजुराच्या कामातून तुम्ही निवृत्त झाल्याचं उद्यानाच्या गेटवर कळलं. तुमच्याकडे साधा फोन, म्हणून हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायचं तुमच्या लेकीने कबूल केलंय. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं कारण आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कॅमेरा घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांना तुम्ही वाट दाखवलीत, आणि त्यांतल्या बहुतेकांना तुमचं नाव ठाऊक नाही. मीही ते लिहीत नाही. तुम्हाला आवडायचं नाही.

बँकेतल्या नोकरीत सुट्टी मोजकी. ताडोबाला जायचं म्हणजे रजा, गाडी, सफारी, सगळं जुळवून आणावं लागतं. इथे मात्र मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे 104 चौरस किलोमीटरचं रान आहे, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत, चितळ, सांबर, भेकर आहेत, बिबटे आहेत, आणि मला कांदिवलीहून तिथे पोचायला रिक्षा पुरते. चितळं तर मुख्य रस्त्यालगतही दिसतात. तरीही चितळ दिसणं आणि चितळाचा फोटो मिळणं यांत केवढं अंतर आहे, ते तुमच्या सोबतीने चालताना उमगत गेलं.

तुम्ही पहिल्यांदा मला काय सांगितलंत, आठवतं? "हरणं शोधू नको बाय, वानरं शोध." वर झाडात वानरं बसलेली, पाला ओरबाडत होती. "खातात कमी, टाकतात जास्त," तुम्ही म्हणालात. खाली पडलेला तो कोवळा पाला वेचायला चितळं येणारच होती. वानरांना उंचावरून लांबचं दिसतं, चितळांना वास आधी लागतो, आणि दोघं एकमेकांच्या इशाऱ्यावर सावध होतात. तुम्ही मला वारा तोंडावर येईल अशा बाजूला, एका सागाच्या आडोशाला, जमिनीवर बसवलंत. बऱ्याच वेळाने कळप आला, माना खाली घालून चरत राहिला, आणि एकाही मादीने आपल्याकडे टवकारून पाहिलं नाही. चितळाच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेले ते माझे पहिले फोटो. लांब लेन्स कुणीही विकत घेईल, पण कुठे बसायचं हे तुमच्यासारख्याकडूनच शिकता येतं.

उजेडाचंही तसंच. बोरिवलीच्या बाजूने डोंगर पूर्वेला, त्यामुळे उन्हं झाडीत उशिरा उतरतात. आकाश उजळून जातं तरी खाली करडा अंधार असतो. कॅमेऱ्याचं मला येत होतं: आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, 3200 पर्यंत चढवायचा, शटरचा वेग सेकंदाच्या 1/500 च्या खाली शक्यतो न्यायचा नाही, आणि कवडशात उभ्या चितळासाठी एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, जरा कमी ठेवायचं, नाहीतर अंगावरचे ठिपके पांढरेफटक पडतात. पण पहिलं ऊन कुठल्या मोकळ्या तुकड्यावर पडतं, थंडीत तो तुकडा कुठला आणि चैत्रात कुठला, हे कुठल्या पुस्तकात मिळणार होतं? काटेसावरीची फुलं गळायला लागली की चितळं त्या झाडाखाली येतात आणि उंबर पिकले की उंबराखाली, हेही तुम्हीच सांगितलंत. माझ्या वहीत महिन्यांप्रमाणे झाडांची नावं आहेत, ती सगळी तुमच्या तोंडची.

दोन पायांवर उभ्या राहिलेल्या नराचा फोटो पाहून लोक मला विचारतात की तो पानं खायला उभा राहिलाय का. मीही तेच धरून चालले असते. त्या दिवशी तुम्ही हळूच म्हणालात, "खात नाही तो. खूण ठेवतोय." डोळ्याच्या पुढच्या बाजूला चितळाला गंधाची ग्रंथी असते. माजावर आलेला नर मागच्या पायांवर उभा राहून डोक्यावरच्या फांदीवर ती घासतो, शिंगांनी पाला झोडपतो, आणि आपण इथे असल्याचं बाकीच्या नरांना कळवतो. फोटोत त्याचं पोट ताणलेलं दिसतं, मान मागे गेलेली, डोळा जवळजवळ मिटलेला, शिंगात एक वाळकी काटकी अडकलेली. तो उभा राहणार हे तुम्हाला आधी कळलं होतं. तो त्या फांदीखाली थांबून नाक वर करून हुंगत होता, आणि तुम्ही माझ्या खांद्याला बोट लावलंत. त्या बोटामुळे माझा हात वेळेवर बटणावर गेला. हा फोटो जिथे जिथे दाखवला तिथे मी हे सांगितलंय आणि पुढेही सांगेन.

एक संध्याकाळ मात्र फोटोशिवायची होती. आपण परतीच्या वाटेवर होतो. अख्खा कळप एकाच दिशेला तोंड करून उभा, शेपट्या वर, एक मादी पुढचा पाय आपटत होती आणि तिची ती कर्कश शीळ थांबतच नव्हती. वर वानर खोकल्यासारखं ओरडलं. मी कॅमेरा उचलला तेवढ्यात डोंगराच्या अंगाने सांबराचा इशाऱ्याचा कॉल आला, आणि तुमचा चेहरा बदलला. "चितळ कुत्र्यालाही ओरडतं. सांबर उगाच ओरडत नाही. चल माघारी." बिबट्या दिसला नाही, आपण थांबलोही नाही. वाटेत शेंदूर लावलेल्या वाघोबासमोर तुम्ही हात जोडलेत, मीही जोडले. रान बिबट्याचं आहे, तो शिकारीला निघालाय, आपण बाजूला व्हायचं, एवढं सरळ होतं तुमचं.

याच सरळपणासाठी मला तुमचे सगळ्यांत जास्त आभार मानायचेत. चितळ जवळ यावं म्हणून बिस्किटं फेकणाऱ्या एका गटाला तुम्ही कसं थांबवलंत, ते मी पाहिलंय. आवाज चढवला नाहीत. बिस्किटाच्या वासाने चितळं प्लास्टिकचा कागदही चावून गिळतात, तो पोटात अडकतो, आणि माणसाला सरावलेलं जनावर रस्त्यावर येऊन गाडीखाली जातं, हे त्यांना उभं करून समजावलंत. शेवटी त्यांच्याच हातांनी तिथला कचरा उचलून घेतलात. रानाच्या कडेने शिरणारी भटकी कुत्री पाडसांच्या मागे लागतात, त्यांना हुसकायला तुम्ही काठी घेऊन धावायचात. हे काम कुठल्याच फोटोत येत नाही. मला ते यायला हवं असं वाटतं. चितळाचे फोटो काढणारे आम्ही पुष्कळ आहोत, पण ती चितळं इथे सुखाने चरतात ती तुमच्यासारख्या वनमजुरांच्या पायपिटीवर, आणि ही गोष्ट आम्ही फोटोखाली लिहीत नाही. यापुढे मी लिहीन.

घुबडाच्या ढोलीची जागा कुणाला सांगू नको म्हणाला होतात. सांगितलेली नाही. त्या फोटोखाली फक्त "बोरिवली" लिहिते. कुणी खोदून विचारलं तर नम्रपणे नाही म्हणते. फोनवर एक खूण पाठवली की दुसऱ्या दिवशी तिथे झुंबड उडते, आणि विणीच्या दिवसांत एवढ्या माणसांपुढे पाखरू घरटं सोडून जाऊ शकतं.

2024 च्या पावसाळ्यात कारवी फुलली तेव्हा मला मुद्दाम निरोप धाडलात, तेही विसरलेले नाही. आठ वर्षांनी येणारा फुलोरा, आधीचा 2016 चा. सगळे जांभळ्या उतारांचे फोटो काढत होते आणि तुम्ही मला फुलांवर घोंगावणाऱ्या मधमाश्या दाखवत होतात. पुढचा बहर 2032 ला. तो तुमच्यासोबत बघायचाय.

आता कामाचं. तुम्ही आजवर माझ्याकडे एकच फोटो मागितलात, मोडक्या शिंगाच्या त्या नराचा. शिंगं गळून नवी आल्यावरही कानाच्या चिरेवरून तुम्ही त्याला ओळखायचात. त्याची मोठी प्रिंट काढून, पावसाळी दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून लॅमिनेट करून लेकीकडे दिली आहे. सोबत दोन पायांवर उभ्या नराचीही आहे, मागे आपली तारीख लिहून. पाड्यावरच्या शाळेत लावण्यासाठी आणखी हव्या असतील तर सांगा. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून एखाद्या रविवारी दुपारी घरी येईन म्हणते. काकूंना कळवून ठेवा, आणि जेवणाचा घाट घालू नका.

तुमची,
कांदिवलीची बाय