नोकरी करणाऱ्या मुलांना वेगळी इंटर्नशिप कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवीन शैक्षणिक धोरणातल्या ओजेटीबद्दल, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल, पेपरात येतं ते बहुतेक कौतुकानेच येतं, मुलांना इंडस्ट्रीचा अनुभव मिळणार वगैरे. मी मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या एका कॉमर्स कॉलेजात शिकवते आणि इंटर्नशिपचं खातं माझ्याच गळ्यात पडलंय, म्हणून आतली बाजू लिहिते. पत्र लांबेल, कापायचं तर कापा पण कॅश काउंटरवाल्या मुलीचा भाग तेवढा ठेवा.

एमकॉमला हे 2023-24 पासून सुरू आहे. आमच्या कॉलेजात डिग्रीला 2024-25 मध्ये एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, आलेली बॅच ही पहिली, ती 2026-27 ला टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, आणि सहाव्या सेमिस्टरला 4 क्रेडिटचं ओजेटी. एका क्रेडिटला 30 तास म्हणजे 120 तास झाले. कागदावर बघितलं तर काहीच नाही, महिनाभर रोज पाच-सहा तास. पण आमचा विद्यार्थी कोण आहे ते बघा ना. सकाळी सातला लेक्चर सुरू होतात ती अकराला संपतात आणि अर्धा वर्ग घरी न जाता सरळ कामावर पळतो, कोणी मेडिकलमध्ये, कोणी कुरिअरच्या गोडाऊनला, कोणी सीए ऑफिसात, कोणी क्लासमध्ये पाचवी-सहावीच्या पोरांना शिकवायला. फी त्यातूनच भरतात आणि घरी पण द्यावे लागतात. या मुलाला आम्ही सांगणार की आता 120 तास दुसरीकडे जाऊन काम कर, बहुतेक ठिकाणी फुकट. त्याचा शेठ काय महिनाभर जागा राखून ठेवणार आहे का?

आता ती मुलगी, एमकॉमची. एका सुपरमार्केटमध्ये संध्याकाळच्या शिफ्टला काउंटरवर असते. रात्री शटर खाली आलं की हिचं खरं काम सुरू, आधी पाचशेच्या, दोनशेच्या, शंभरच्या नोटा वेगळ्या करून मोजायच्या, मग कार्ड मशीनची सेटलमेंट स्लिप काढायची, यूपीआयचे आलेले पैसे वेगळे लावायचे, रिटर्न आलेल्या मालाची बिलं वजा करायची आणि हे सगळं सिस्टीमच्या टोटलशी जुळवायचं. कमी भरले तर पगारातून कापतात. म्हणजे बँक रिकन्सिलिएशन (हिशोब बँकेशी जुळवणं) आणि इंटर्नल कंट्रोल (पैशांत गडबड होऊ नये म्हणून ठेवायची तपासणी) आम्ही फळ्यावर शिकवतो ते ही रोज रात्री करते, आणि चूक झाली तर स्वतःच्या खिशातून भरते! पण हे ओजेटी म्हणून धरा असं म्हटलं की उत्तर येतं, रिटेलमधलं काम आहे, मेजर, म्हणजे मुख्य विषयाशी संबंधित नाही. तिच्याच वर्गातला एक जण मात्र अंधेरीच्या मोठ्या ऑफिसात "फायनान्स इंटर्न" म्हणून लागला, तो महिनाभर जुन्या फायली स्कॅन करत होता. त्याचं प्रोजेक्ट एकदम झकास, लेटरहेडपण जाड कागदाचं.

त्या मुलाचा खर्च पण सांगते. रेल्वेचं स्टुडंट कन्सेशन घर ते कॉलेज एवढ्यापुरतंच मिळतं. राहतो कल्याणला, कॉलेज मुलुंडला, तेवढा पास आहे. इंटर्नशिप अंधेरीला, तर मुलुंडच्या पुढे घाटकोपरपर्यंतचं तिकीट वेगळं, तिथून मेट्रो वनचं वेगळं, स्टेशनबाहेर शेअर रिक्षा वेगळी, परत येताना पुन्हा तेच सगळं. स्टायपेंड शून्य. आणि जवळ मिळेल म्हणाल तर एलबीएस रोडवरच्या कंपन्या एकेक करत गेल्या, तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले, त्यामुळे अकाउंट्सचं काम शिकायला मिळेल अशी ऑफिसं आमच्या बाजूला मोजकीच, आणि त्यांच्या दारात आजूबाजूची सगळी कॉलेजं एकाच वेळी उभी. सीए लोकांकडे जायचं तर रिटर्न आणि टॅक्स ऑडिटचा हंगाम जुलै ते सप्टेंबर, तेव्हा त्यांना माणसं हवी असतात, आमचं सहावं सेमिस्टर पडतं हिवाळ्यात.

मग काय होतं, इंटर्नशिप केल्याची नुसती लेटर येतात. काकांच्या फर्मचं, मामाच्या ट्रेडिंग कंपनीचं, कुठूनतरी पैसे देऊन काढलेलं. सगळ्यांत मजकूर तोच, हार्डवर्किंग अँड सिन्सिअर, फक्त मुलाचं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये चिकटवलेलं. कळत नाही असं नाही, पण प्रत्येक ठिकाणी जाऊन बघायला माणूस कुठाय? लेक्चर, पेपर तपासणी, परीक्षेची ड्युटी सांभाळून उरलेल्या वेळात फोन करायचे, तेही स्वतःच्या मोबाईलवरून.

सरकार पैसे देतच नाही असं नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिना 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा महिना 5000 आणि मोठ्या 500 कंपन्या होत्या. पण दोन्हींच्या मूळ नियमांत शिक्षण चालू असलेला रेग्युलर विद्यार्थी बसत नव्हता. म्हणजे ज्याच्यावर कुठली सक्ती नाही त्याला स्टायपेंड आणि ज्याला मार्कशीटसाठी जावंच लागतं त्याने तिकीट पण स्वतः काढायचं. हे कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही पण त्याने कधी सकाळी कल्याणहून फास्ट लोकल पकडलेली दिसत नाही.

कम्युनिटी कॉलेज ही युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जुनी योजना, बाराव्या पंचवार्षिकमधली, तिच्यात एक गोष्ट बरी होती, आजूबाजूच्या उद्योगांना आधी बरोबर घ्यायचं आणि त्यांना काय लागतं ते विचारून कोर्स आखायचा. इथे उलटं झालंय, क्रेडिट आधी ठरली आणि जागा आम्ही नंतर शोधतोय.

माझं म्हणणं एवढंच की जो मुलगा किंवा मुलगी आधीच कामावर आहे त्याचं तेच काम ओजेटी धरा. फुकटात क्रेडिट द्या असं नाही म्हणत मी. पगार बँकेत आल्याचा पुरावा घ्या, मालकाशी बोला, कॉलेजच्या शिक्षकाने दोनदा प्रत्यक्ष जाऊन बघावं, आणि मुलाने जे काम करतो ते अकाउंट्सच्या भाषेत लिहून तोंडी परीक्षा द्यावी. त्या कॅश काउंटरवाल्या मुलीला व्हायवाला बसवा, माझी पैज आहे की परीक्षकालाच दोन गोष्टी नवीन कळतील. कामावर नसलेल्यांसाठी निदान रेल्वेने ओजेटीच्या महिन्यापुरतं कन्सेशन इंटर्नशिपच्या स्टेशनपर्यंत वाढवून द्यावं, कॉलेजचं पत्र आम्ही देऊच.

हे सगळं विद्यापीठाने टीवायचं सहावं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी सर्क्युलर काढून सांगितलं पाहिजे, मध्येच जानेवारीत नको. तोपर्यंत मुलांनी कामं सोडलेली असतात.

आपली,
एक ओजेटी को-ऑर्डिनेटर, मुलुंड
(कॉलेजमुळे नाव छापू नये ही विनंती)