रविवारची बैठक : नॅट आणि सेबर पूर्ण करणे

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता टिळकवाडीत नेहमीच्याच माडीवर कागदी विमानांचा युद्धडाव खेळायला जमायचं आहे. खानापूर, निपाणीकडच्यांनी पहिली बस धरा. मागच्या वेळी अर्धी विमानं जेवणानंतर आली.

डाव बोयऱ्याच्या हवाई लढाईचा, २२ नोव्हेंबर १९७१ : भारताची नॅट विरुद्ध पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं. प्रमाण १:३०० हेच. त्या हिशोबाने नॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण २२ मि.मी. आणि सेबरचे ३८ मि.मी. भरले पाहिजेत. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्केच ठेवा. झेरॉक्सवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही, समोर उभं राहून पट्टीने मोजा. एकाचा नॅट सेबरएवढा झाला होता. नॅटचा सगळा फायदाच मुळी लहान असण्यात, तो हरवून कसं चालेल?

कागद १६० जीएसएमचा (चौरस मीटरला १६० ग्रॅम). त्याहून जाड घेतला तर एवढ्याशा शेपटीची घडी फाटते. घडीची रेघ आधी रिकाम्या बॉलपेनने दाबून घ्या. फेविकॉल टाचणीच्या टोकावर येईल तेवढाच. कापलेल्या पांढऱ्या कडा स्केचपेनने रंगवा, टेबलावर त्याच आधी डोळ्यात भरतात.

प्रत्येकाने आणायचं :
– दोन पूर्ण विमानं, तारेच्या स्टँडसह
– कटर (लहान मुलांच्या हाती देऊ नये)
– घट्ट झाकणाचा डबा. आपल्या पावसाळी हवेत कागद तासाभरात मऊ पडतो

फासे आणि षटकोनी घरांचा नकाशा इथे माडीवर आहे. येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा. चहा मिळेल, कुंदा मात्र हरणाऱ्या बाजूने आणायचा.