रंग दोनच का?

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

ओडिशातल्या तुझ्या कोटपाडच्या लुगड्याचे फोटो मिळाले. तुझी आई पदरावर खिळली आहे. मी झूम करकरून सूत बघितलं. जन्म सोलापुरात डाईंगमध्ये काढला, दुसरं काय बघणार? "यांच्याकडे रंग दोनच, म्हणून विणकरकाकांना पिवळा आणि मोरपंखी सुचवलाय," असं लिहिलंयस. त्यावरूनच हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तो लाल रंग आलाचा. आल म्हणजे आपली बारतोंडी, तिच्या मुळाची साल. हा रंग सुतावर सहजी बसत नाही. सूत आधी एरंडेल, शेण आणि राखेच्या पाण्यात मळायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा मळायचं. कितीतरी दिवस हेच. मग कुटलेल्या सालीबरोबर उकळायचं. साल सढळ पडली तर गडद, हात आखडला तर विटकरी. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातलं की तपकिरीपासून थेट काळ्यापर्यंत. जमीन कोऱ्या सुताची, दुधी. रंगवण्याचं काम मिरगाणांच्या, म्हणजे तिथल्या विणकर समाजाच्या, घरात बहुतेक बायकांकडे असतं, तेव्हा भाव ठरवताना काकूंनाही विचारत जा. मोरपंखी हवा तर पुडीतला रंग आणावा लागेल, आणि तसलं लुगडं मी तुला इथूनच पाठवतो, स्वस्तात.

1869 च्या सुमारास कारखान्यातलं अलिझरिन, म्हणजे तसाच लाल देणारा रासायनिक रंग, बाजारात आलं आणि ठिकठिकाणी आलाची मुळं खणणं कुणाला परवडेना. कोटपाडला ते टिकलं. मला विचारशील तर विणकरांच्या हट्टापेक्षा गिऱ्हाइकामुळे. विणणारे मिरगाण, पण नेसणाऱ्या भतरा, परजा, धुरवा या आदिवासी जमातींच्या बायका. आठ हाती लुगडं कामाधामाचं, गुडघ्यापर्यंतचं. सोळा हाती घोट्यापर्यंत, सणासमारंभाचं. काठपदरावर खेकडा, मासा, शंख, कुऱ्हाड. छापलेलं काही नाही, सगळं मागावर हाताने भरलेलं. लग्नाला लागणारं लुगडं दुसऱ्याने विणलेलं असूनही त्यांचंच आहे, कारण कुठला रंग, किती हात, कुठली खूण, हे पिढ्यानपिढ्या त्यांनीच मागितलं.

तुमच्या भागातल्या गदबा आदिवासींचं याच्या उलट. केरंग नावाच्या झुडपाच्या सालीचे धागे काढून बायका स्वतःच पट्ट्यापट्ट्यांचं लुगडं विणायच्या, आणि ज्या मुलीला ते यायचं नाही तिचं लग्न जमणं कठीण व्हायचं. (तुझ्या आईने ही अट आपल्या घरात लावली असती तर!) आता ते रोज कोण नेसतं? नाचाला, पाहुण्यांसमोर निघतं. ऑफिसातले "संस्कृती संपली" म्हणत असतील तर म्हणू देत. दिवसभर रोपणी करणाऱ्या बाईने जाडंभरडं लुगडं सोडून नायलॉन घेतलं, तर तिचं काय चुकलं? तू तरी नऊवारी नेसून बँकेत जातेस का?

कोटपाडच्या कापडाला 2005 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तिथले विणकर गोवर्धन पनिका यांना 2018 मध्ये पद्मश्री. चांगलंच झालं. पण त्यामुळे नवं गिऱ्हाईक आलं, भुवनेश्वरचं, मुंबईचं, तुझ्यासारखं. विणकर पोटासाठी विणतो. तू पिवळा मागितलास तर तो नाही म्हणणार नाही. गावातली बाई आता वर्षाला एखादंही घेत नसेल, आणि तू मैत्रिणींसाठी एकदम सहा मागतेस. जोर कुणाचा झाला?

तेव्हा उद्या जाऊन ती पिवळी-मोरपंखी ऑर्डर फिरव. सूत रंगवून झालं असेल तर मात्र मुकाट्याने पैसे देऊन घेऊन ये, त्यांचं नुकसान नको. आईसाठी सोळा हाती सांग, गडद लाल, काठावर खेकडा. घाई करू नकोस, दिवाळीनंतर मिळालं तरी चालेल. पहिल्या धुण्याला साबण नको, सावलीत वाळव.

तुझे,
बाबा