सईच्या पियानोबद्दल, विनूस

वेंगुर्ले
आषाढ

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

पियानो वाजवून आणि त्यासाठी संगीत लिहून पोट भरतं का, असं तू विचारलंस. तुमच्या सईने तुझ्यापुढे अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचं नाव टाकलंय, तर त्याचाच हिशोब मांडतो.

जन्म १९३७, बाल्टिमोर. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेतलं शिक्षण झालं, तरी पॅरिसला नादिया बूलांजे या शिक्षिकेकडे जाऊन हार्मनी (स्वर एकत्र जुळवण्याचं शास्त्र) पुन्हा पहिल्यापासून घोटली. तिथेच रविशंकरांचं चित्रपटसंगीत पाश्चात्त्य नोटेशनमध्ये (स्वरलिपीत) उतरवायचं काम मिळालं आणि तबलावादक अल्लारखाँकडून तालाची बेरीज उमगली. न्यूयॉर्कला परतल्यावर त्याचं संगीत वाजवणार कोण? म्हणून १९६८ साली स्वतःचा वाद्यसंच काढला आणि कीबोर्डवर स्वतःच बसला. पोटासाठी प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली. १९७६ मध्ये त्याचा ऑपेरा, म्हणजे संगीत नाटक, ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये भरगच्च झालं, तरी अंगावर कर्जच राहिलं; स्वारी पुन्हा टॅक्सीवर. गीतेतल्या संस्कृत श्लोकांवरचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा रॉटरडॅमला झाला १९८० मध्ये. त्याची मागणी आली तेव्हा चाळिशी उलटली होती.

टॅक्सीची गोष्ट सगळे चवीने सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच: संचासाठी लिहिलेलं नोटेशन त्याने बरीच वर्षं बाहेर दिलं नाही. ऐकायचं असेल तर संचालाच बोलवा! प्रकाशनाचे हक्कही स्वतःच्या कंपनीकडे ठेवले. रचनाकाराला वाजवता येत असेल तर पहिली दहा-पंधरा वर्षं तो तगतो ती बोटांवर. मागण्या येतात त्या नंतर.

तू पखवाजवाला, म्हणून त्याची ‘टू पेजेस’ ही रचना ऐक. सा म्हणजे पियानोचा सी स्वर धरलास तर स्वर पाचच: मंद्र प, सा, रे, कोमल ग, म. आधी पाचांचा गट, मग त्याला पहिले चार जोडायचे, मग तीन, मग दोन. म्हणजे ५, ९, १२, १४. चौदा मात्रा आल्या की तुझा हात धमार ताल धरायला जाईल. धरू नकोस, इथे सम नाहीच. वाजवणाऱ्याचं चुकतं तेही इथेच: सवयीने कुठेतरी ठोका वजनदार पडतो आणि गट मोडतो. दुसरी अडचण मनगटाची. एकाच लयीत न थांबता वाजवताना ते आवळलं की थोड्याच वेळात बोटं असमान पडतात. लय निम्म्यावर आणून, आवाज दबका ठेवून घोटायला सांग. ग्लासने पियानोसाठी २० एट्यूड (सरावाच्या रचना) लिहिले. त्यांतले पहिले दहा लिहिताना स्वतःचा हात सुधारणं हाही हेतू होता.

सईने सध्या पियानो आणि आणखी एक वाद्य एवढ्यासाठीच लिहावं, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा काढावा. पान उलटायची जागा विश्रांतीवर आली पाहिजे. दुसरं वाद्य बी-फ्लॅट क्लॅरिनेट असेल तर त्याचे स्वर एक टोन (पूर्ण स्वर) वर लिहायचे. विसरली तर तो पियानोपेक्षा टोनभर खाली वाजेल आणि तालमीचा वेळ कागद दुरुस्त करण्यात जाईल. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत मंडळाच्या परीक्षा द्यायच्या असतील तर सहावी ग्रेड वाजवण्याआधी साधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी लागते. ती आत्ताच उरकावी. चाल विकताना ‘सर्व हक्क कायमचे’ अशा कागदावर सही नको. आपल्याकडे हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतात. तिचं संगीत बाहेर वाजायला लागलं की आयपीआरएसचं, म्हणजे रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं.

आता तू घ्यायचा म्हणतोस त्या गोव्याच्या जुन्या अपराइट (उभ्या) पियानोबद्दल. घेऊ नकोस. पियानोला आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास लागते. आपल्याकडे मृग लागला की ती ८०च्या खाली यायचं नाव घेत नाही. साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगून स्वर चढतो, थंडीत उतरतो. फेल्ट फुगली की पट्ट्या अडकतात, हातोड्या परत यायला आळस करतात आणि खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात. तारा दोनशेच्या वर, एकूण ताण कित्येक टनांचा. गंजलेली तार ट्यूनिंगला ताणली की तुटते. तारा ताणायच्या पिना बसवलेलं लाकूड चिरलं असेल तर कितीही ट्यून कर, आठवड्यात सूर उतरणारच. ट्यूनर पणजीहून किंवा मुंबईहून येणार, त्याचा खर्च वेगळाच.

त्यापेक्षा ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घे. भारनियमनासाठी छोटा यूपीएस लाव. वाजवून झाल्यावर वर सुती चादर टाक, प्लास्टिक नको, आत घाम धरतं. समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला ठेव. पेडल तीन असावीत, आणि डावा-उजवा दोन्ही स्पीकर हेडफोन न लावता ऐकून घे. दुकानात जाण्याआधी माजघराच्या भिंतीची लांबी मोज. वाद्य साधारण साडेचार फूट असतं, पण स्टूल मागे घ्यायलाही जागा लागते.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
दत्ता