धनत्रयोदशीला पेन्सिल घेऊन आलेल्या काकूंस

एडिसन, न्यू जर्सी
१८ मे २०२४

तीर्थस्वरूप काकूंस,
सादर नमस्कार विनंती विशेष.

इस्पितळाच्या हिशेबाचा शेवटचा कागद गेल्या मंगळवारी आला. रुग्णाकडून येणे बाकी शून्य, अशी त्यावरची शेवटची ओळ आहे. 'शेवटचा कागद आला की मला दाखव, तोवर फाइल बंद करायची नाही' असे तुम्ही बजावले होते, म्हणून त्याची प्रत या पत्रासोबत पाठवते आहे. पत्र मात्र जाहीर लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी जे केलेत ते चार लोकांना कळावे ही एक इच्छा आहेच. शिवाय एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या आपल्या कितीतरी मराठी घरांत नोकरी, व्हिसा आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या असतात, आणि ती दोरी तुटली की पहिल्यांदा काय करायचे हे आम्हांला जसे ठाऊक नव्हते तसे अनेकांना ठाऊक नसते.

१२ ऑक्टोबर २०२३ रोजी ह्यांची नोकरी गेली तेव्हा मला गर्भारपणाचा बत्तिसावा आठवडा होता. कंपनीने दिलेल्या पत्रात विमा महिनाअखेरपर्यंत चालू राहील एवढी एक ओळ होती. त्या दिवसांत आम्हांला व्हिसाची चिंता अधिक होती, कारण नोकरी सुटल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांत, म्हणजे ११ डिसेंबरपर्यंत, दुसऱ्या कंपनीचा अर्ज दाखल व्हायला हवा होता आणि माझी बाळंतपणाची तारीख होती ८ डिसेंबर. माझा एच-४, म्हणजे बायकोचा व्हिसाही त्यांच्याच व्हिसावर उभा. या धास्तीत विम्याच्या त्या ओळीचा अर्थ आम्ही नीट लावलाच नाही.

तो अर्थ ३ नोव्हेंबरला दवाखान्याच्या खिडकीपाशी कळला. गर्भारपणातल्या मधुमेहामुळे मला इन्सुलिन चालू होते आणि आठवड्यातून दोनदा बाळाच्या ठोक्यांची तपासणी होत असे. नाव सांगितल्यावर खिडकीतल्या मुलीने पडद्याकडे दोनदा पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, की विमा ३१ ऑक्टोबरला संपलेला दिसतो आहे. स्वतः पैसे भरण्याच्या फॉर्मवर सही करून ३०० डॉलर भरल्यावर मला आत घेतले. पोटावर दोन पट्टे बांधून मी आडवी झाले, यंत्रातून कागदाची पट्टी सरकत होती, बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येत होते, आणि मी मनात हिशेब करत होते, की बाळंतपणापर्यंत अशा अजून किती तपासण्या, त्यातल्या किती टाळता येतील. काकू, हे मी तेव्हा कोणालाच सांगितले नव्हते. घरी येईपर्यंत सोमवारची तपासणी रद्द करायचे मी ठरवले होते.

त्याच संध्याकाळी ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याने तुमचा नंबर दिला. तुम्ही त्याच्या मावशी, इस्पितळाच्या बिलिंग खात्यात २४ वर्षे काम करून निवृत्त झालेल्या, एवढीच आमची ओळख. मी फोनवर आधी रडले आणि मग सोमवारचे सांगितले. तुम्ही समजूत घातली नाहीत. 'तपासणी चुकवायची नाही. मागतील तेवढे भर, पावती घे आणि ती पावती जपून ठेव. विमा मागच्या तारखेपासून सुरू झाला की ते पैसे परत मागता येतात,' असे तुम्ही इतक्या ठाम आवाजात म्हणालात, की मला पुढे काही विचारायचे सुचले नाही. सोमवारी मी गेले. त्या दिवशी माझ्या साखरेच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा वाढवली. मी घरी बसले असते तर ती वाढली नसती. या पत्रात पुढे पैशांचे पुष्कळ येईल, पण माझ्या मनातला पहिला आभार त्या एका कडक वाक्याचा आहे.

कंपनीकडून कोब्राच्या, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा तोच विमा आपल्या पैशांनी चालू ठेवण्याच्या हक्काच्या, कागदांचे जाड पाकीट ९ तारखेला आले आणि दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, संध्याकाळी तुम्ही मेट्रोपार्क स्टेशनावर उतरून आमच्याकडे आलात. हातात पिशवी, पिशवीत चष्मा, पेन्सिल आणि रिकामी फाइल. पणती लावून झाल्यावर तुम्ही स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कालनिर्णय खाली काढायला लावलेत आणि म्हणालात, 'आधी तारखा, पैशांचे नंतर.' विमा ३१ ऑक्टोबरला गेला, तेव्हा राज्याच्या बाजारातून, म्हणजे स्वतः विमा विकत घेण्याच्या सरकारी व्यवस्थेतून, नवा विमा घ्यायला ६० दिवस, म्हणजे ३० डिसेंबर. कोब्राचे पाकीट ९ नोव्हेंबरचे, तेव्हा तो घ्यायचा की नाही हे कळवायला ८ जानेवारी. त्यासाठी जुन्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानाखाली तुम्ही हाताने जानेवारीचे चौकोन आखलेत. प्रत्येक तारखेभोवती पेन्सिलीचे एक वर्तुळ. महिनाभर ज्या गोष्टीने माझी झोप उडवली होती ती माझ्यासमोर चार वर्तुळांत मांडलेली होती, आणि त्यातली एकही उलटून गेलेली नव्हती.

मग पैशांचे. कोब्रा म्हणजे १९८५ च्या एका लांबलचक नावाच्या कायद्याच्या आद्याक्षरांचे नाव आणि २० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कंपनीला तो लागू होतो, हे तुमच्याकडूनच कळले. विमा तोच राहतो, पण कंपनी भरत असलेला वाटाही आपल्याला भरावा लागतो आणि वर फार तर २ टक्के. आम्हां दोघांचा मिळून महिन्याचा आकडा १६९० डॉलर पाहून ह्यांनी पाकीट बाजूला सारले होते. तुम्ही ते पुन्हा पुढे ओढलेत, चौथे पान काढलेत आणि दाखवलेत, की नवरा आणि बायको यांना हा हक्क स्वतंत्र आहे, एकटी बायकोही घेऊ शकते. माझ्या एकटीचा हप्ता होता ८१० डॉलर. ही गोष्ट आमच्या ओळखीतल्या एकालाही माहीत नव्हती, आणि त्यांत चांगले शिकलेले, हिशेबाच्या नोकऱ्यांत असलेले लोक होते.

नवा विमा वरवर स्वस्त दिसत होता. पण वर्षभरात माझे डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, भरून झाले होते आणि खिशातून भरायच्या ६००० डॉलरच्या कमाल मर्यादेपैकी ४२०० भरले होते. नवा विमा घेतला असता तर हे सारे शून्यापासून सुरू झाले असते, आणि १ जानेवारीला पुन्हा एकदा शून्यापासून. शिवाय माझ्या डॉक्टर त्या विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे त्याच्याशी करार असलेल्या डॉक्टरांत, नव्हत्या, आणि पस्तिसाव्या आठवड्यानंतर नवी गर्भवती घ्यायला बहुतेक दवाखाने तयार नसतात. दोन महिन्यांचे १६२० डॉलर भरून आम्ही हे सगळे वाचवले. पुढे बाळंतपणाचे बिल ३७,००० डॉलरच्या वर गेले. त्यातले आमच्या वाट्याला आले ते उरलेले १८०० डॉलर, आणि ३ तारखेचे ३०० डॉलरही आधी भरलेली रक्कम म्हणून त्यातच धरले गेले.

कोब्रा मागच्या तारखेपासून लागू होतो, तेव्हा ६० दिवस थांबून गरज पडली तरच घ्यावा, असा सल्ला आम्हांला दोघांतिघांनी दिला होता. तुम्ही त्यावर म्हणालात, की तो धडधाकट माणसासाठी ठीक आहे; जिला दर तीन दिवसांनी दवाखान्यात जायचे आहे तिने खिडकीपाशी दर वेळी निष्क्रिय विमा दाखवून स्वतःचा जीव टांगणीला लावू नये. मला हा निर्णय आजही पूर्ण बरोबर वाटतो. त्या रात्रीच चेक लिहिला गेला, आणि सोबतचे पत्र पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवायला तुम्ही ह्यांना सोमवारी सकाळी पोस्टात धाडलेत.

मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी विमा, तीही वाट तुम्ही तपासलीत. त्याने पुढे ग्रीन कार्ड अडेल या भीतीने आम्ही तो शब्दही उच्चारत नव्हतो. २३ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या तेव्हाच्या नियमात असा दवाखान्याचा खर्च त्याविरुद्ध धरला जात नव्हता, आणि न्यू जर्सी एच-४ वरच्या गर्भवतीलाही घेते, हे तुम्ही शांतपणे सांगितलेत. कंपनीने दिलेल्या रकमेमुळे आमचे त्या महिन्याचे उत्पन्न मर्यादेच्या वर गेले, म्हणून ती वाट राहिली. ह्यांच्यासाठी राज्याच्या बाजारातून १ डिसेंबरपासूनचा साधा विमा घ्यायला मात्र तुम्हीच भाग पाडलेत; स्वतःचे ते सोडूनच द्यायला निघाले होते.

निघताना तुम्ही दारात चपला घालत होतात तेव्हा मी तुम्हांला विचारले, की हे सगळे होण्याआधीच रात्री कळा सुरू झाल्या तर इस्पितळ मला परत पाठवेल का. हा प्रश्न मी नवऱ्यालाही विचारला नव्हता. तुम्ही एक चप्पल काढून पुन्हा आत आलात, माझ्या शेजारी बसलात आणि सांगितलेत, की आपत्कालीन विभाग असलेल्या इस्पितळाला कळा आलेल्या बाईला परत पाठवता येत नाही, १९८६ पासून तसा कायदा आहे. बिल येईल, पण दार बंद होणार नाही. त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

मुलगी २ डिसेंबरला झाली. तिची साखर कमी भरल्याने दोन रात्री तिला वेगळ्या कक्षात ठेवले होते. सांगलीहून आलेली माझी आई काचेबाहेर उभी होती आणि तुम्ही फोनवर ह्यांना सांगत होता, की बाळाचे नाव विम्यात घालायची मुदत ३० दिवसांची आहे, तिसावा दिवस नेमका १ जानेवारीला, सुटीच्या दिवशी येतो, तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबराची वाट न पाहता याच आठवड्यात पत्र टाका. पत्र ५ डिसेंबरला गेले. त्या दोन रात्रींचे बाळाच्या नावाचे बिल नंतर आले तेव्हा विमा तिच्या जन्मदिवसापासून लागू झालेला होता. ह्यांच्या नव्या कंपनीचा अर्जही मुदतीच्या तीन दिवस आधी दाखल झाला.

तुम्ही साडी घेतली नाहीत, ट्रेनच्या तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत, फक्त आईने डब्यात दिलेले डिंकाचे दोन लाडू नेलेत. तेव्हा आता आमचे एक मागणे आहे. येत्या जूनमध्ये लेकीचे उष्टावण करायचे आहे. आमच्याकडे पहिला घास मामा भरवतो, पण माझ्या भावाला इतक्या लवकर व्हिसा मिळणे शक्य नाही. तो घास तुम्ही भरवावा, असे त्यानेच सुचवले आहे. शनिवार किंवा रविवार, तुम्हांला सोयीचा दिवस कळवा. मेट्रोपार्कला घ्यायला आम्ही तिघे येऊ.

तुमची कृतज्ञ,
एडिसनची लेक