सईस पत्र: एक ठिकाण, एक दिवस, एक प्रसंग

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

इंजिनिअरिंगची चार वर्षं म्हणजे नुसती ‘होस्टेल, सबमिशन, कँटीन’ एवढंच आठवतं, म्हणालीस. घाबरू नकोस, हे बहुतेकांचं होतं. एकसारख्या दिवसांचा मनात गठ्ठा बांधला जातो आणि आपण दर वेळी वरचं लेबल तेवढं वाचतो. आतला एकेक दिवस बाहेर काढायला सराव लागतो. सूत्रं किंवा पाढे पाठ करायच्या युक्त्या इथे चालत नाहीत. माहितीची स्मृती वेगळी आणि स्वतः अनुभवलेल्या प्रसंगाची वेगळी, हा भेद मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंगने १९७२ मध्येच मांडला होता.

सुरुवात चिठ्ठ्यांपासून कर. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८७९ साली ७५ शब्दांची यादी केली, एकेक शब्द समोर धरला आणि मनात काय उमटतं ते वेळ मोजत टिपून ठेवलं. संशोधक आजही थोड्याफार फरकाने तेच करतात. तू वीस चिठ्ठ्या कर. बऱ्याचशा साध्या: किल्ली, डबा, एसटी, चप्पल, पाऊस. थोड्या भावनेच्या: कौतुक, घाई, लाज. रोज रात्री दोनच काढायच्या, प्रत्येकीला एक मिनिट. आठवण एका ठिकाणी घडलेली आणि एका दिवसाच्या आत संपलेली हवी.

गाडी घसरते ती इथेच. ‘एसटी’ निघाली की तू लिहिशील, ‘सुट्टीत आम्ही लाल डब्याने आजोळी जायचो, खिडकीसाठी भांडायचो.’ हे बाद! जायचो, भांडायचो, असायची अशी क्रियापदं आली की समजायचं, सगळ्या फेऱ्यांची सरासरी लिहिली गेली. मग स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची. कुठली फेरी? शेजारी कोण? गाडी कुठे अडली? ‘दहावीच्या सुट्टीत कराड स्टँडवर टायर पंक्चर, सगळे खाली, दादाच्या हातचा उसाचा रस माझ्या ओढणीवर’ असं काही उतरलं की झालं काम. एका शब्दावर दोन निरनिराळे प्रसंग निघाले तर उत्तम. मिनिटभरात काहीच आलं नाही तर चिठ्ठी परत डब्यात टाक. ओढून ताणून बसलं की मन रचायला लागतं.

नव्या दिवसांचा गठ्ठा होऊ नये म्हणून रोजचं एक कार्ड. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनारने सहा वर्षं रोज स्वतःच्या प्रसंगांची नोंद ठेवली: काय घडलं, कोण होतं, कुठे, केव्हा. नंतर एकेक धागा घेऊन बाकीचं आठवतं का ते पाहिलं. १९८६ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. ‘काय’ या धाग्याने सर्वांत जास्त हाती लागलं, नुसत्या तारखेने जवळजवळ काहीच नाही. तेव्हा ‘१४ मार्चला मी काय केलं?’ म्हणून डोकं खाजवत बसू नकोस. कार्डावर सर्वांत वर ‘काय’ लिही, खाली कोण, कुठे, केव्हा, आणि शेवटी एखादी बारीक खूण, म्हणजे वास, आवाज किंवा कुणाचं एखादं वाक्य. ‘आज छान वाटलं’ ही खूण नव्हे. ते कुठल्याही कार्डावर बसतं.

दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने वरची ओळ उघडी ठेवून बाकीचं झाक. आधी मोठ्याने सांग, मग बघ. बहुतेक जण इथे आळस करतात आणि कार्डं नुसती वाचून काढतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण झाकल्यावर काही सुचत नाही.

होस्टेलच्या काळासाठी खोलीचा नकाशा काढ. कागदावर दार, खिडकी, कॉट, बादली कुठे असायची ते. दहा मिनिटं पुरे, चित्र वाईट आलं तरी चालेल. मग एकाच कोपऱ्यावर बोट ठेव आणि तिथे घडलेला एक प्रसंग शोध. सापडला की शेवटाकडून सुरुवातीकडे सांगून बघ. साक्षीदारांच्या मुलाखतीतली ही जुनी पद्धत आहे. सुटलेले तपशील कधीकधी त्यात सापडतात. मोबाईलमधले फोटो मात्र सर्वांत शेवटी. आधी फोटो पाहिलास की फ्रेममधलंच आठवेल, फ्रेमबाहेरचं राहून जाईल.

एक धोका आहे, तो हलक्यात घेऊ नकोस. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात लोकांना ‘तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास’ असा खोटा प्रसंग घरच्यांच्या हवाल्याने सांगितला. चौघांतल्या सुमारे एकाला तो पूर्ण किंवा अर्धामुर्धा ‘आठवला’! म्हणून प्रत्येक तपशिलापुढे खूण कर: ‘आ’ म्हणजे आठवलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं, ‘अं’ म्हणजे अंदाज. आपल्या घरात ‘ऐ’ फार निघतील, तुझी आत्या काही कमी गोष्टीवेल्हाळ नाही. वयाच्या तीन वर्षांआधीचं काही आठवलं तर बेलाशक ‘ऐ’ लाव.

दुखऱ्या शब्दांनी सुरुवात नको. नैराश्यात माणसं अशीच गोळाबेरीज सांगतात, नेमका प्रसंग सांगणं जड जातं, हे मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. पुढे त्यावर उपचाराचा भाग म्हणून असेच सराव बेतले गेले, पण ते तज्ज्ञासोबत करायचे. चिठ्ठी काढून मन दिवसभर खाली गेलं तर ती फाडून टाक आणि मला फोन कर.

आजीबरोबरही हे करणार असशील तर तिला ‘तेव्हा आजोबांनी पांढरा सदरा घातला होता ना?’ असं विचारू नकोस. ती ‘हो’ म्हणेल आणि सदरा कायमचा पांढरा होईल. ‘मग?’ एवढंच म्हण आणि गप्प बस; मनात दहा मोजेपर्यंत तोंड उघडू नकोस, हे तुला सर्वांत अवघड जाईल. पंधरा मिनिटांवर ताणू नकोस. तिला दहा ते तीस या वयातले प्रसंग जास्त सुचतील, त्या वयाचं तसंच असतं, तेव्हा चिठ्ठ्या त्या काळातल्या कर: रॉकेल, सायकल, पाटी, तार. ती एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते किंवा ओळखीच्या रस्त्यावर चुकते असं दिसलं, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची वेळ घे. त्यावर हा सराव औषध नाही.

कार्डं पाठवलीत, शंभराचं पाकीट आहे. आधी वीसच वापर.

तुझा,
बाबा